धक्क्याचा माग: पडलेलं आरसी (रिमोटवरचं) हेलिकॉप्टर घरी दुरुस्त कसं करावं

फेब्रुवारीत कपाशी उपटून पऱ्हाट्या बांधावर रचल्या की अमळनेरकडची आमची वावरं मोकळी होतात. माझं हेलिकॉप्टर उडवणं तिथंच चालतं. मागच्या वर्षी अशाच एका वावरात ते दहाएक फुटांवरून आडवं पडलं. वावराचे मालक बांधावरून धावत आले. "काय व्हयनं रे भो? इमान पडनं का?" त्यांनी माझ्याआधी खाली बसून तुकडे गोळा करायला सुरुवात केली.

दिसायला दोन पाती मोडली होती आणि कॅनॉपीवर (पुढच्या कवचावर) ओरखडा होता, बस. रात्री नवी पाती लावली आणि सकाळी पुन्हा उडवलं. दोन मिनिटांत सगळं यंत्र थरथरायला लागलं, थरथरीनं एक बॉल लिंक (गोळीवर बसणारा जोडदांडा) निसटली आणि ते नाकावर आपटलं. या वेळी टेल बूम (शेपटीची नळी), मेन गिअर (मुख्य दातेरी चाक), दोन सर्व्हो (पात्यांचा कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरी) आणि बॅटरी, एवढं सगळं गेलं. घरी उघडून पाहिलं तर फेदरिंग शाफ्ट, म्हणजे दोन्ही पात्यांना जोडणारा आतला दांडा, केसभर वाकलेला. तो पहिल्याच दिवशी वाकला होता, मी तपासला नव्हता.

तेव्हापासून मी एकच पद्धत धरली आहे: मोडलेली वस्तू शोधायची नाही, धक्क्याचा माग काढायचा. चोराची पावलं शोधत जातात तसं, धक्का कुठून आत शिरला आणि कुठपर्यंत गेला ते पाहायचं. धक्का बहुतेक वेळा मुख्य पात्यातून शिरतो. तिथून तो ब्लेड ग्रिप (पात्याची पकड), फेदरिंग शाफ्ट, हेड (वरचा फिरता भाग), मेन शाफ्ट (उभा मुख्य दांडा), मेन गिअर, पिनियन (मोटरवरचं लहान दातेरी चाक) आणि मोटर असा खाली उतरतो. त्याची एक फांदी ग्रिपवरून लिंक, स्वॉशप्लेट (पात्यांचा कोन बदलणारी झुकती चकती) आणि सर्व्होकडे जाते. दुसरी गिअरवरून शेपटीकडे. या वाटेवरचा प्रत्येक भाग हातात घेऊन पाहिल्याशिवाय पुन्हा उडवायचं नाही.

हे सगळं मी ४५० वर्गाच्या, म्हणजे साधारण ३२५ मिलिमीटर पात्यांच्या आणि तीन सेलच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीवर चालणाऱ्या हेलिकॉप्टरबद्दल लिहितो आहे. मोठ्या मॉडेलला मापं बदलतात, क्रम तोच राहतो.

पडल्यावर पहिली पाच मिनिटं

पडतंय हे कळताक्षणी थ्रॉटल होल्डचं (मोटर बंद करणारं) बटण दाबायचं, जमिनीला लागण्याआधीच. पाती मातीत रुतलेली असताना मोटर ढकलत राहिली तर ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) जळतो, मेन गिअरचे दात सोलून निघतात. बोटाला ही सवय लागावी म्हणून मी घरी नुसता ट्रान्समीटर (रिमोट) हातात घेऊनही होल्डचा सराव करतो.

मग पाती पूर्ण थांबेपर्यंत जागेवर उभं राहा. जवळ गेल्यावर सर्वांत आधी बॅटरी सोडवा. ट्रान्समीटर तोवर चालूच ठेवायचा. तो आधी बंद केला तर हेलिकॉप्टरचा ताबा सुटतो.

बॅटरी हातात घेऊन नीट बघा. कोपरा दबलेला, आवरण फाटलेलं, फुगलेली, गोडसर उग्र वास येणारी किंवा कोमट होत जाणारी बॅटरी गाडीच्या डिकीत टाकायची नाही. ती मोकळ्या जमिनीवर, सुक्या गवतापासून आणि पऱ्हाट्यांच्या ढिगापासून लांब ठेवा आणि निदान अर्धा तास नजर ठेवा. लिपो बॅटरी मार लागल्यावर लगेच पेटेल असं नाही, ती उशिरानेही पेटते. वावरात फेब्रुवारी ते मे सगळं वाळलेलं असतं. ठिणगी पडली तर नुकसान आपलं नाही, शेतकऱ्याचं होतं. मी सोबत वाळूची अर्धी बादली नेतो.

आता फोटो. हेलिकॉप्टर उचलण्याआधी ते पडलंय तसं चार बाजूंनी टिपून घ्या. कोणती लिंक सुटली आहे, शेपटी कुठल्या बाजूला वळली आहे, हे घरी गेल्यावर आठवत नाही. नंतर तुकडे. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात बोटभर भेगा पडतात आणि दोन मिलिमीटरचा स्क्रू त्यात गेला की गेला. दोरीला बांधलेलं जुन्या स्पीकरचं चुंबक भेगांवरून फिरवलं तर पोलादी स्क्रू आणि शाफ्ट वर येतात. प्लास्टिक आणि अॅल्युमिनियम मात्र डोळ्यांनीच शोधावं लागतं.

निघण्याआधी दोन ओळी लिहून ठेवा: वारा कसा होता, आधी काय बिघडलं, आवाज बदलला का, किती मिनिटं उडालं होतं.

कारण सापडेपर्यंत पाना लावू नका

घरी टेबलावर पांढरं कापड अंथरतो, शेजारी अंड्यांचा रिकामा ट्रे. ज्या क्रमानं स्क्रू निघतात त्या क्रमानं एकेका खळग्यात. रंगाच्या जुन्या मऊ ब्रशनं धूळ झटकायची. टायरच्या दुकानातल्या हवेचा झोत बेअरिंगवर मारू नका, बारीक माती आणखी आत जाते. माती ओली असेल तर पूर्ण वाळू द्या, मग ती खपली धरून सुटते. ओली चिकणमाती चोळली तर ती प्रत्येक सांध्यात भरते.

पडण्याची कारणं मोजकीच असतात. बॅटरीचे सेल मोजा. एखादा सेल ३ व्होल्टच्या खाली गेला असेल तर ताकद अचानक संपली असावी. सुटलेल्या लिंकचं प्लास्टिक बघा: भोक अखंड पण सैल असेल तर ती हवेतच निसटली असण्याची शक्यता मोठी, चिरलेली किंवा ताणलेली असेल तर बहुधा आपटल्यामुळे सुटली. एखादी स्क्रूची जागा रिकामी आणि आटे स्वच्छ असतील तर थरथरीनं स्क्रू आधीच निघून गेला होता. शेपटी गरगर फिरून पडलं असेल तर टेलचा सर्व्हो, त्याची लिंक, टेल शाफ्टचा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला स्क्रू), या क्रमानं बघा. आणि उडवणाऱ्याचा हात चुकला असेल तर तेही प्रामाणिकपणे लिहा. नाक आपल्याकडे असताना डावं-उजवं उलटं होतं आणि नवशिक्यांची बरीचशी हेलिकॉप्टरं तिथंच पडतात.

आपल्याकडचं एक खास कारण म्हणजे दुपारची वावटळ. मार्चनंतर तापलेल्या वावरात ती न सांगता उठते. सूर्य वर येईपर्यंत उडवायचं आणि आवरायचं, एवढाच उपाय मला ठाऊक आहे.

पाती

कार्बनच्या पात्याला केसाएवढीही चीर असेल तर ते फेकायचं. डिंक नाही, टेप नाही. हे मी एवढं ठासून का सांगतो, त्याचं गणित बघा. पात्याचं वजन २५ ग्रॅम धरा, ते वजन मध्यापासून २० सेंटीमीटरवर आहे असं समजा आणि हेड मिनिटाला २५०० फेरे घेतंय. तेवढ्यानं पात्याच्या बोल्टवर सुमारे ३५ किलोची ओढ येते. पात्याचं टोक ताशी ३३० किलोमीटरच्या वर पळत असतं. त्यातून सुटलेला तुकडा कुठं जाईल हे आपल्या हातात नाही.

अखंड दिसणारं पातंही बोटांनी हलकेच वाकवून उजेडात बघा, मागची कड उकलली आहे का तपासा, बोल्टचं भोक लांबट झालं आहे का पाहा. नखानं टकटक करत मुळापासून टोकापर्यंत जा. मध्ये कुठं आवाज बद्द झाला तर आत थर सुटला आहे. एक पातं गेलं तरी बदलायची जोडीच.

नवी जोडीसुद्धा तोलून घ्या. आधी दोन्ही पात्यांचा तोलबिंदू बोल्टच्या भोकापासून सारख्याच अंतरावर आणा, गरज पडली तर टोकाला किंवा मुळाला टेप लावून. मग वजन सारखं करा, या वेळी टेप बरोबर तोलबिंदूवर. यासाठी काटा हवा. जळगाव सोन्यासाठी ओळखलं जातं, ओळखीचा सोनार असेल तर त्याच्या काट्यावर दोन मिनिटांत काम होतं.

हेड आणि फेदरिंग शाफ्ट

इथं घाई करू नका. माझा दुसरा क्रॅश इथल्या दुर्लक्षानं झाला.

फेदरिंग शाफ्ट म्हणजे दोन्ही ब्लेड ग्रिपांना आरपार जोडणारा बारीक पोलादी दांडा. पातं जमिनीला लागलं की वाकणाऱ्यांत तो पहिल्या रांगेत असतो, आणि हेडच्या आत लपलेला असल्यानं दिसत नाही. एका टोकाचा बोल्ट अॅलन ड्रायव्हरनं धरून दुसऱ्या टोकाचा सोडवा. बोल्ट हलत नसेल तर जोर वाढवू नका, सोल्डरिंग आयर्नचं टोक त्यावर अर्धा मिनिट टेकवा. उष्णतेनं जुनं थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा द्रव) सैल होतं. जोर लावला तर षट्कोनी खाच गोल होते आणि मग तो बोल्ट काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

ग्रिप बाहेर ओढताना वॉशर आणि बेअरिंग कोणत्या क्रमानं येतात त्याचा फोटो घ्या. विशेषतः थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे पात्याची बाहेरची ओढ सोसणारं. त्याच्या दोन चकत्या सारख्या दिसतात पण आतलं भोक वेगळं असतं. मोठ्या भोकाची चकती आत, हेडच्या बाजूला, लहान भोकाची बाहेर, बोल्टच्या बाजूला. उलट बसवलं तर ती ३५ किलोची ओढ चुकीच्या जागी पडते, ग्रिप जड फिरते आणि सर्व्होवर ताण येतो. चकतीतल्या गोळ्यांना थोडं ग्रीस लावा.

आता दांडा काचेवर. पाच मिलिमीटर जाड खिडकीच्या काचेचा तुकडा घ्या किंवा भिंतीवरचा आरसा काढून टेबलावर ठेवा. दांडा एका बोटानं हळू लोळवा आणि डोळे काचेच्या पातळीला आणून मागून उजेड येईल असं बघा. सरळ दांडा काचेला चिकटून लोळतो. वाकलेल्याच्या खाली प्रकाशाची फट उघडते आणि मिटते. फट दिसली, कितीही बारीक असली, तरी दांडा बाद. हातोडीनं सरळ करायचा नाही. लेथवाल्याकडून साध्या सळईचा करून घ्यायचा मोह मलाही झाला होता, पण हा दांडा कडक केलेल्या पोलादाचा असतो. साध्या सळईचा दांडा वळून जाईल आणि आटे निसटतील. कंपनीचाच भाग मागवा. आपल्याकडे हे सुटे भाग कुरिअरनंच येतात, म्हणून फेदरिंग शाफ्ट, मेन शाफ्ट, मेन गिअर, टेल बूम आणि बॉल लिंकची पाकिटं मी आधीच घरात ठेवतो.

हेडमधले रबरी डॅम्पर चिरलेले, एका बाजूनं दबलेले असतील तर तेही बदला. तुमच्या मॉडेलला फ्लायबार (हेडवरचा आडवा तोलदांडा) असेल तर त्याची तारही त्याच काचेवर लोळवा.

मेन शाफ्ट, गिअर, चौकट

हेड आणि मेन शाफ्टमधून आरपार जाणारा बोल्ट काढून शाफ्ट वर ओढा. तोच काचेचा प्रयोग इथंही. शाफ्ट खेचताना अडला तर तो वाकलेला असण्याची शक्यता खूप, तेव्हा ठोकून काढू नका, बेअरिंगची बैठक फुटते. बेअरिंग बोटावर फिरवा. लोण्यासारखं फिरलं तर ठीक, कणकण लागली तर बदला.

मेन गिअरच्या एका दाताला मार्करनं खूण करा आणि तिथून सुरू करून प्रत्येक दात भिंगाखाली पाहत पुन्हा खुणेपर्यंत या. शंभराच्या वर दात असतात, कंटाळा येतो, पण एक तुटलेला दात शेजारच्यांना सोलतो. गिअर पिनियनशी जुळवताना वहीच्या कागदाची पट्टी मधून फिरवा. पट्टी नागमोडी होऊन, न फाटता बाहेर आली तर अंतर बरोबर. हे पूर्ण फेऱ्यात चार ठिकाणी तपासा. एका ठिकाणी घट्ट आणि समोर सैल लागत असेल तर गिअर तिरका आहे किंवा शाफ्ट वाकलेला आहे. गिअरमधली एकदिशा बेअरिंगही बघा: एका दिशेनं हेड मोकळं फिरावं, दुसऱ्या दिशेनं मोटरला घेऊन फिरावं.

कार्बनच्या बाजूच्या पाट्यांवर स्क्रूच्या भोकांभोवती चिरा शोधा. चौकट पिळली असेल तर सगळे स्क्रू अर्धा फेरा सैल करा, नवा शाफ्ट आत असतानाच चौकट काचेवर उभी धरा आणि थोडं थोडं, आलटून पालटून घट्ट करा. शाफ्ट शेवटपर्यंत मोकळा फिरला पाहिजे. स्किड (खालचे पाय) आणि कॅनॉपीची चिंता शेवटी. स्किड मोडलेली असेल तर बदलायची, कॅनॉपीला आतून टेप चालते.

सर्व्हो आणि शेपटी

आधी मोटरच्या तीन वायरी काढून टाका. मगच बॅटरी जोडा. ही एक सवय बोटं वाचवते.

प्रत्येक सर्व्होची लिंक सोडवून स्टिक अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. मध्ये टिक असा आवाज आला, हात उडी मारून पुढे गेला, किंवा एका जागी करकरत थांबला, तर आतला दात गेला आहे. गिअरचा संच वेगळा मिळतो. झाकण उघडून, एकावर एक रचलेल्या चाकांचा फोटो घेऊन, तसाच नवा संच बसवा. सर्व्हो तिन्ही तपासा, ज्या बाजूला पडलं नाही त्या बाजूचाही. स्वॉशप्लेटवर तिघांचा भार एकत्र येतो, त्यामुळे धक्का तिघांनाही बसतो.

टेल बूम मुख्य पात्यानं कापली किंवा दबली असेल तर नवीन घाला. दबलेल्या नळीत टॉर्क ट्यूब (टेलचा पंखा फिरवणारा आतला दांडा) घासते. बेल्टचं मॉडेल असेल तर बेल्ट टेलकडे जाताना चतकोर पिळलेला असतो. तो पीळ उलटा बसला तर टेलचा पंखा उलटा फिरतो, आणि जमिनीवरून उठताच यंत्र स्वतःभोवती गरगरतं. म्हणून पहिल्या दिवशीचा, नवं असतानाचा फोटो जपून ठेवा. टेल शाफ्टच्या सपाट कडेवर ग्रब स्क्रू बरोबर टेकला आहे ना बघा. खान्देशातली अजून एक गोष्ट: वेचणीनंतर वावरात कापसाचे धागे उडत असतात, ते टेल शाफ्टभोवती आणि बेअरिंगच्या तोंडाशी गुंडाळले जातात. चिमट्यानं एकेक काढा.

रिसीव्हरच्या अँटेनाचा शेवटचा सोललेला भाग सुमारे ३१ मिलिमीटर असतो, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची चौथाई लांबी तेवढीच येते. तो तुटला असेल तर रेंज घटते. ईएससीच्या वायरींचं आवरण कुठं कापलं आहे का, मोटर हातानं फिरवताना घासते का, जायरोखालची (शेपटी स्थिर ठेवणाऱ्या सेन्सरखालची) दुहेरी टेप सुटली आहे का, हेही बघा.

जुळवणी

धातूच्या आट्यांत धातूचा स्क्रू जातो तिथंच निळं थ्रेडलॉकर. सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब, त्याआधी आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून तेल काढलेलं. प्लास्टिकला ते लागू देऊ नका, प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं. लाल थ्रेडलॉकर या कामाला वापरायचंच नाही, पुढच्या वेळी स्क्रू निघणार नाही.

प्रत्येक लिंकची लांबी उघडताना व्हर्नियरनं मोजून ठेवली असेल तर इथं अर्धं काम झालं. स्टिक मध्यावर असताना सर्व्होचे हात काटकोनात, स्वॉशप्लेट समतल आणि पात्यांची पिच (कोन) शून्य, हा क्रम. पिच गेजनं दोन्ही पाती मोजा, अर्ध्या अंशाचाही फरक ठेवू नका. पाती घट्ट आवळायची नाहीत: हेलिकॉप्टर आडवं धरलं तर पाती स्वतःच्या वजनानं खाली पडू नयेत, पण हलका हिसका दिला की हलावीत.

मग जायरोची दिशा. हेलिकॉप्टर हातात धरून नाक झटकन डावीकडे वळवा. टेलच्या पात्यांनी उजवा रडर (शेपटी वळवायची स्टिक) दिल्यावर होते तीच हालचाल केली पाहिजे. फ्लायबार नसलेल्या मॉडेलला पुढे झुकवा, स्वॉशप्लेट मागे झुकली पाहिजे. उजवीकडे झुकवा, ती डावीकडे. यातली एकही हालचाल उलटी असेल तर जमिनीवरून उठायचंच नाही.

पहिलं उड्डाण

सुरुवातीला मुख्य आणि टेलची पाती काढून, मोकळ्या अंगणात, मोटर हळू फिरवा. थरथर आत्ताच असेल तर पात्यांना दोष देता येत नाही, ती शाफ्ट, गिअर किंवा बेअरिंगमधून येते आहे. परत टेबलावर.

हे पार पडलं की पाती लावून वावरात. जळगाव विमानतळाच्या आसपासच्या गावांत राहणाऱ्यांनी २०२१च्या ड्रोन नियमांनुसार डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा आधी पाहून घ्यावा, आपली जागा कोणत्या रंगात येते ते तिथं कळतं. बघ्यांना निदान २० मीटर मागे उभं करा. मुलं पुढे येतात, म्हणून मी एका मोठ्या माणसाला फक्त त्यांच्यावर लक्ष ठेवायला सांगतो.

एका पात्याच्या टोकाला रंगीत टेप लावून, आपल्यापासून आठ-दहा मीटर लांब, डोळ्यांच्या उंचीवर स्थिर ठेवा. फिरत्या पात्यांच्या टोकांच्या दोन चकत्या वेगळ्या दिसल्या तर उतरवा, वर दिसणाऱ्या पात्याची लिंक एक फेरा फिरवून त्याची पिच कमी करा, पुन्हा बघा. टेलची पंखुडी धूसर दिसत असेल, स्किड गुणगुणत असेल, तर थरथर शिल्लक आहे.

दोन मिनिटं, फार तर तीन. मग उतरवून, बॅटरी काढून, मोटर आणि ईएससीला हात लावा. बोट टेकवता येत नसेल इतकं तापलं असेल तर गिअर घट्ट आहे किंवा कुठं घासतंय. प्रत्येक स्क्रूवर पाना टेकवून बघा. मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हाची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के विरळ असते. तेवढीच उचल मिळवायला पिच जास्त लागते, बॅटरी लवकर संपते, म्हणून टायमर मिनिटभरानं कमी करा. तापलेली बॅटरी सावलीत हाताला गार लागेपर्यंत चार्जरला लावू नका.

आणि ती मार लागलेली बॅटरी? फुगलेली पण अखंड असेल तर घराबाहेर, वाळूवर ठेवून १२ व्होल्टच्या मोटरसायकलच्या इंडिकेटर बल्बवर विझेपर्यंत उतरवा, टोकांना टेप लावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. आवरण फाटलेलं असेल तर तिला काहीही जोडू नका, वाळूच्या बादलीत बाहेरच राहू द्या. माझी तशीच चार दिवस अंगणातल्या कोपऱ्यात होती. त्याच वावरात पुढच्या आठवड्यात हेलिकॉप्टर पुन्हा वर गेलं तेव्हा मालक बांधावरच बसले होते. या वेळी ते उठले नाहीत.